उभ्या मातीचा भरवसा

इंदापूर तालुक्यातल्या सणसरला लागून भवानीनगर. तिथल्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर दिवाळीच्या आगेमागे पेटतो, उसाच्या गाड्या गव्हाणीपुढे रांग धरतात आणि पुढचे काही महिने साखरेचा दाणा एकाच आवारात तऱ्हेतऱ्हेनं वागतो. पॅनमध्ये तो दाट पाकात बुडालेला असतो. स्फटिक आणि पाक यांच्या त्या मिश्रणाला कारखान्यात मॅसेक्विट म्हणतात; ते चालतं, पण सावकाश, रेटल्याशिवाय नाही. सेंट्रिफ्यूगल मशीनच्या गरगरणाऱ्या जाळीतून मळी बाहेर फेकली जाते आणि मागे साखरेचा थर भिंतीला धरून सरळ उभा राहतो. पुढे ग्रेडरच्या थरथरत्या चाळण्यांवर दाणे उड्या मारत एस-३०, एम-३० अशा वर्गांत वाटले जातात. हॉपरच्या तोंडातून धार लागते. शेवटी पोती, आणि गोदामात त्या पोत्यांची थप्पी, जिच्यावर हमाल निर्धास्त चढून जातात. पाकात बुडालेला, भिंतीला चिकटलेला, हवेत उडणारा, धारेनं पडणारा आणि माणसाचं वजन पेलणारा दाणा एकच.

पाणी ० अंशाला गोठतं आणि १०० अंशाला उकळतं. दाण्यांना तापमानाशी काही सोयरसुतक नाही. वाळूचा एक कण त्याच्याच उंचीइतका वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या मानाने खोलीच्या तापमानाची ऊर्जा लाख कोटी पटींनी तोकडी आहे. उष्णतेनं रेणू सतत हलत असतात, म्हणून पाण्याला आपली पातळी आपोआप सापडते. दाणा मात्र जिथे ठेवला तिथे बसून राहतो, कुणी हलवेपर्यंत. त्याची अवस्था ठरते रेट्यावर, विशेषतः आडव्या रेट्यावर. एक थर दुसऱ्या थरावरून घसरवू पाहणाऱ्या या जोराला अभियांत्रिकीच्या मराठी पुस्तकांत कर्तन म्हणतात. रेटा मर्यादेत असला तर ढीग घन पदार्थ असतो. मर्यादा ओलांडली की त्याचा वरचा थर द्रव होतो, आणि आतला भाग तरीही घनच राहतो. दाणे जोरात उधळले, तर वायू. साखरेची ही तिसरी अवस्था थट्टेची नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात हवेत उडालेल्या साखरेच्या धुळीनं पेट घेतला, स्फोटांमागून स्फोट झाले आणि १४ कामगार दगावले.

ढीग घसरायला लागतो कधी, हा प्रश्न धान्याच्या मापाइतका जुना आहे. पायली भरून वर जी शीग चढते, तिला ठरलेला उतार असतो. कोरड्या वाळूला तो साधारण ३० ते ३५ अंशांचा. मूठभर वाळू असो की ट्रकभर, उतार तोच. गंमत अशी की हे अंश दोन आहेत. घसरण सुरू होण्याचा कोन थोडा मोठा असतो आणि सुरू झालेली घसरण थांबण्याचा कोन थोडा लहान, दोन-तीन अंशांचा फरक. या दोन-तीन अंशांच्या पट्ट्यात ढीग स्थिर असेल तर स्थिरच राहतो आणि वाहत असेल तर वाहतच राहतो. दोन ढीग, एकच उतार, एकच साखर, आणि एक घन तर दुसरा द्रव. कोणता कोणता, हे फक्त त्या ढिगाचा इतिहास सांगू शकतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून ते कळत नाही. या लेखातलं पुढचं सगळं मला याच गोष्टीसाठी सांगायचं आहे.

इतिहासाचा दुसरा पुरावा त्याच पायलीत सापडतो. हलक्या हातानं ओतलेलं धान्य आणि माप आपटून भरलेलं धान्य यांत फरक पडतो, हे घेणारा आणि देणारा दोघंही जाणून असतात, म्हणून तर बाजारात मापावरून भांडणं होत. सारख्या आकाराचे गोल दाणे कसेही ओतले, तर ते जागेचा साधारण ५५ ते ६० टक्के भाग व्यापतात. हलवून, ठोकून कितीही बसवले, तरी ६४ टक्क्यांच्या आसपास गाडी अडते. उरलेली जागा हवेची. या हवेला इथे फार महत्त्व आहे.

१८८५ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं दाखवलं की घट्ट बसलेल्या दाण्यांना एकमेकांवरून सरकायचं असेल, तर आधी त्यांना एकमेकांच्या खांद्यांवर चढावं लागतं. म्हणजे ढिगाला आधी फुगावं लागतं. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती याचमुळे: दाबल्यानं वाळू फुगली, कणांमधल्या फटी वाढल्या आणि वरचं पाणी आत गेलं. फुगायला जागा मिळाली नाही, तर दाणे हलत नाहीत. गच्च भरलेलं, तोंड शिवलेलं पोतं थप्पीत विटेच्या जागी चालतं ते यामुळेच. ते पोतं फाटलं की दाण्यांना हवी ती जागा मिळते आणि गोदामात साखर वाहू लागते.

दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, जर्मनीतल्या ब्रेमेनच्या यान्सन नावाच्या अभियंत्यानं धान्याच्या उंच कोठारांची तपासणी केली. पाण्याच्या टाकीत पाणी जेवढं उंच, तेवढा तळावर दाब. धान्याच्या कोठारात तसं होत नाही. एका उंचीनंतर वर कितीही धान्य ओतलं तरी तळावरचा दाब वाढायचा थांबतो, कारण दाणे भिंतीला घासून आपला भार भिंतीवर टाकतात. हॉपरमधून पडणारी धारही साखर काठोकाठ असो की अर्धी, जवळपास सारख्याच वेगानं पडते. धारेचा वेग ठरवतं ते हॉपरचं तोंड. तोंड दाण्याच्या काही पटींएवढंच अरुंद असेल, किंवा दमट हवेनं साखरेचे खडे झाले असतील, तर तोंडावर दाण्यांची कमान बसते आणि धार तुटते. मग कुणीतरी हॉपरच्या पत्र्यावर ठोकतं.

ठोकल्यानं काम भागतं, पण त्यामागची रचना बघण्यासारखी आहे. काही पारदर्शक पदार्थांवर दाब आला की ध्रुवित प्रकाशात ते चमकतात. अशा पदार्थाच्या चकत्यांचा ढीग करून पाहिलं, तर सगळ्या चकत्या सारख्या उजळत नाहीत. भार काही मोजक्या चकत्यांच्या वाकड्यातिकड्या साखळ्यांमधून उतरतो आणि बाजूच्या अनेक चकत्या जवळपास रिकाम्या बसलेल्या असतात. ढीग उभा आहे तो या मोजक्या दाण्यांच्या जिवावर. त्यांतला एखादा सरकला की साखळी दुसरीकडून जुळते, किंवा जुळत नाही. धान्याच्या कोठारातले अपघात बऱ्याचदा यापायीच होतात. खालून माल निघून गेलेला असतो, वर कमान धरलेली असते, आणि तिच्यावर चालणाऱ्या माणसाला पायाखाली जमीन आहे असं वाटत असतं.

घन आणि द्रव यांच्यामधली ही सीमा नेमकी कुठे असते, याचं एक चांगलं उत्तर महाराष्ट्रातच मिळालं. आयआयटी मुंबईत देवांग खखर आणि आशिष ओर्पे यांनी काचेच्या भिंतींचं एक चपटं, गोल पिंप घेतलं, त्यात बारीक पोलादी गोळ्या भरल्या आणि त्याचा आस आडवा ठेवून ते सावकाश फिरवलं. वरचा थर उतारावरून सतत वाहत राहतो, खालचा भाग पिंपाबरोबर गोल फिरतो. वाहणाऱ्या थराचे फोटो काढून, गोळ्यांच्या चमकत्या रेघा मोजून त्यांनी प्रत्येक खोलीवर गोळ्यांची अस्वस्थता किती, म्हणजे सरासरी वेगाच्या मागेपुढे त्या किती धडपडतात, हे काढलं. २००४ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. वर गोळ्यांच्या वेगांची वाटणी वायूतल्या रेणूंसारखी होती. खाली जाताना अस्वस्थता कमी होत गेली आणि एका खोलीवर चिकटपणाचा नियम एकदम बदलला. सगळ्यात खाली काचेसारखी, विस्कळीत पण गोठलेली अवस्था. मधे कुठेही भिंत नव्हती. घन आणि द्रव यांचं मिश्रण तेवढं होतं. ओर्पे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रभु नॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याहून चक्रावणारी गोष्ट दिसली. दोन नळकांड्यांमधल्या फटीत दाणे भरायचे आणि एक नळकांडं फिरवायचं. दाणे स्थिर असताना यान्सनचा नियम चालतो: भिंत भार उचलते, खालचा दाब एका मर्यादेला अडतो. फिरवायला लागलं की भिंत उलट वागते. घर्षणाची उभी दिशा पालटते, भिंत दाण्यांना वर धरायचं सोडून खाली रेटू लागते आणि खोलीबरोबर दाब झपाट्यानं चढत जातो. २०१२ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि २०१६ मध्ये त्याचं कारण दिलं: कातरल्यामुळे दाणे फुगतात, त्या फुगण्यातून आत एक मोठा भोवरा तयार होतो. रेनॉल्ड्सचं १८८५ चं फुगणं इथे सव्वाशे वर्षांनी पुन्हा भेटतं. दरम्यान २००६ मध्ये फ्रान्समधल्या तिघा संशोधकांनी दाट वाहणाऱ्या दाण्यांसाठी एक नियम दिला होता, ज्यात घर्षण हे वाहण्याच्या घाईवर आणि दाबावर ठरतं. तो नियम पुष्कळ ठिकाणी चालतो. थांबण्याच्या आणि सुटण्याच्या काठावर मात्र तो लंगडा पडतो, आणि माणसं मरतात ती तिथेच.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे सणसरला मुक्कामी येते आणि पुढच्या मजलेत बेलवडीला गोल रिंगण होतं. त्या बेलवडीतले चार मजूर १ ऑगस्ट २०२३ रोजी इंदापूर तालुक्यातल्याच म्हसोबावाडीत एका मोठ्या विहिरीच्या कामावर होते. शंभर फुटांहून खोल विहीर, आत सिमेंटची रिंग बांधायचं काम. कडेची रिंग आणि तिच्यामागचा मुरूम ढासळला आणि चौघंही खाली गाडले गेले. एनडीआरएफचं पथक आलं, पोकलेन लागले, रात्रंदिवस उपसा चालला. तीन दिवसांनी हाती आले ते चौघांचे मृतदेह.

त्या एका विहिरीपुरतं न बोलता अशा विहिरींबद्दल बोलू, कारण या पट्ट्यात त्या शेकड्यांनी आहेत. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा काढला गेला आणि १८८० च्या दशकात बारामती-इंदापूरच्या माळाला पाणी लागलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने. पण कालव्याचं पाणी पाळीनं येतं आणि पाळी लांबली की ऊस वाट पाहत नाही. खडकवासल्याचं पाणी या बाजूला आणणाऱ्या सणसर कटवरून दर उन्हाळ्यात जी ओढाताण होते, ती वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. मग शेतकरी विहिरीचीच टाकी करतो: मोठा घेर, मोठी खोली, पाळी आली की भरून घ्यायची. पूर्वी सुतकी, पहार आणि यारीवर जे काम दोन-तीन उन्हाळे चालायचं, ते पोकलेन काही आठवड्यांत उरकतो. वेग वाढला, घेर वाढला. माती आहे तीच आहे.

वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ, असा इथला उभा छेद असतो. कातळाला रिंग लागत नाही. धोका असतो तो वरच्या माती-मुरमात. पोकलेननं ताजी तासलेली मुरमाची कड बघावी: बकेटच्या दातांचे ओरखडे जसेच्या तसे, कड सरळ उभी. कोरड्या वाळूला ३५ अंशांच्या पलीकडे उभं राहणं जमत नाही आणि हा मुरूम ९० अंशांत उभा आहे. हा आधार दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे कणांमधल्या मातीचा आणि ओलीचा चिकटपणा. कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढतं, म्हणून ओल्या वाळूचा किल्ला होतो आणि कोरड्या वाळूचा होत नाही. दुसरा आधार विहिरीच्या गोलपणाचा. आत येऊ पाहणारं मातीचं कडं स्वतःतच अडकतं, त्यामुळे गोल खड्डा सरळ चरापेक्षा जास्त काळ टिकतो.

दोन्ही आधार कच्चे आहेत. चिकटपणावर किती उंच कड उभी राहील याचा साधा हिशेब मृदाशास्त्रात आहे: चिकटपणाच्या चौपटीला मातीच्या वजनानं भागायचं. चिकटपणा दर चौरस मीटरला एक टन धरला आणि मातीचं वजन दर घनमीटरला १.८ टन, तर उत्तर येतं सव्वादोन मीटरच्या आसपास. सात-साडेसात फूट. त्याहून उंच कड उभी दिसत असेल, तर एक तर चिकटपणा जास्त आहे किंवा नुसता उधारीचा काळ चालू आहे. पाऊस मुरला की कणांमधली ओढ संपते. उन्हानं कड वाळली तरीही संपते. गोल कड्याचा आधारही त्याचा एकही तुकडा निसटत नाही तोवरच.

निसटणारा तुकडा कोणत्या आकाराचा असतो हे अडीचशे वर्षांपासून माहीत आहे. शार्ल कुलोम हा विजेच्या नियमामुळे शाळेत भेटतो, पण मूळचा तो फ्रेंच लष्करी अभियंता. मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर त्याची बरीच वर्षं गेली, आणि १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे त्यानं मातीच्या दाबावर आपला निबंध वाचला. त्यात त्यानं दाखवलं की भिंतीमागची माती सगळी मिळून रेटत नाही. एक पाचर सुटते आणि तिरक्या पातळीवरून घसरते. मुरमाचा घर्षणकोन ३० अंश धरला, तर ही पातळी जमिनीशी ६० अंशांत असते. म्हणजे माती-मुरमाची उभी कड ३० फूट असेल, तर त्या पाचरेची वरची रेघ कडेपासून सुमारे १७ फुटांवर येते. आता कोणत्याही चालू विहिरीवर जाऊन बघा. उपसलेल्या मुरमाचा ढीग कुठे असतो? यारी किंवा पोकलेन कुठे उभा असतो? माणसं कुठे उभी राहून खाली वाकून बोलत असतात? सगळं त्या १७ फुटांच्या आत. दहा फूट उंचीचा मुरमाचा ढीग दर चौरस मीटरला पाच टनांच्या घरात भार टाकतो. मुरूम लांब नेऊन टाकायचा तर डिझेल जळतं, म्हणून तो काठावर पडतो. मला तर हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अक्षम्य वाटतं, कारण याला शास्त्र लागत नाही, दोन खुंट्या आणि एक दोरी पुरते.

रिंगचंही तसंच. जिथे आधी पूर्ण खोदून मग तळापासून रिंग चढवत आणतात, तिथे वरची कड बांधकाम तिथवर पोहोचेपर्यंत कित्येक दिवस उघडी असते आणि माणसं तिच्याखाली प्लेटा लावत, सळई बांधत असतात. रिंग आणि खोदलेली कड यांच्यामधली पोकळी भरायला जो मुरूम टाकतात, तो सैल असतो. तो मुरूम आता मुरूम राहिलेला नसतो. हॉपरमधल्या साखरेचे सगळे नियम त्याला लागू होतात. भिजला की जड होतो, ओल्या सिमेंटच्या कड्याला मागून रेटतो, आणि खाली कुठे वाट मिळाली की वाहतो.

पाण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण म्हसोबावाडीच्या तेराच दिवस आधी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. पुणे जिल्ह्यातलं माळीण त्याच्या नऊ वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला सकाळी गेलं होतं. तिथे १५१ जणांचा बळी गेला. पाण्यानं डोंगर ‘वंगण लागून’ घसरतो असं आपण म्हणतो, पण खरी कारागिरी दाबाची असते. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलं की मातीची ताकद कण एकमेकांवर किती दाबले जातात यावर असते, आणि फटींतल्या पाण्याचा दाब त्या दाबातून वजा होतो. पाणी कणांना एकमेकांवरून उचलून धरतं. आता रेनॉल्ड्सचं फुगणं आठवा. घट्ट माती सरकू लागली की फुगते, फटी वाढतात, पाण्याचा दाब उतरतो आणि मातीला पुन्हा पकड येते. ती सरकते, थांबते, पुन्हा सरकते. सैल माती सरकू लागली की उलट दबते, फटी आवळतात, पाण्याला बाहेर जायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब चढतो आणि सगळी माती एका दमात द्रव होते. रिचर्ड आयव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओरेगॉनमधल्या एका मोठ्या उतरत्या पन्हळीत हाच प्रयोग केला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. माती एकच, उतार एकच, फरक फक्त किती सैल भरली याचा. घट्ट भरलेली माती थांबत थांबत सरकली. सैल भरलेलीनं एका सेकंदात सेकंदाला एक मीटरहून जास्त वेग घेतला. सरकण्याआधी दोघी सारख्याच दिसत होत्या.

गाडल्या गेलेल्या माणसाला बाहेर ओढून का काढता येत नाही, असं अशा अपघातानंतर काठावरचे लोक विचारतात. छातीपर्यंत अडकलेल्या माणसाला ओढायचं म्हणजे त्याच्याभोवतीचे दाणे सरकवायचे, दाणे सरकायचे तर त्यांना फुगायला जागा हवी, आणि वरच्या भारानं ती जागा मिटलेली असते. तो श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, दाणे तेवढी जागा भरतात, आणि पुढचा श्वास तेवढा लहान होतो. दोर बांधून ओढलं तर हाडं निखळतील, दाणे सोडणार नाहीत. म्हणून उपसा हाच मार्ग, आणि उपसा म्हणजे घनफळाचा हिशेब. दहा फूट खोलवरचा माणूस काढायला चहूबाजूंनी ४५ अंशांचा उतार घेत खणलं, तर साधारण दहा ब्रास माती काढावी लागते. शंभर फुटांवरचा काढायचा तर दहा हजार ब्रास. खोली दहापट, माती हजारपट. शिवाय ही सगळी माती नुकतीच ढासळलेली, म्हणजे सैल, म्हणजे पुन्हा वाहायला तयार. बचावपथकाला तीन दिवस लागले यात कसलंच आश्चर्य नाही.

म्हणून उभ्या कडेपाशी अनुभवी डोळ्यांचा मला फारसा आधार वाटत नाही. विहिरीवर आयुष्य काढलेल्या माणसांना मुरमाचा रंग कळतो, पहारेच्या आवाजावरून आतला कातळ कळतो, आणि ते ज्ञान खरं आहे. पण ढीग सुटण्याआधीचा शेवटचा क्षण आणि त्याआधीचा सुखरूप महिना डोळ्यांना एकसारखे दिसतात. जमिनीवर तडा दिसला, खडे झडू लागले तर ती कृपा समजायची. ती दर वेळी होईलच असं नाही. आधीच्या वीस विहिरी टिकल्या हा एकविसावीचा पुरावा नव्हे, कारण त्या वीस वेळी साखळ्या वेगळ्या जुळल्या होत्या. अमेरिकेत पाच फूट किंवा त्याहून खोल चरात माणूस उतरवायचा असेल, तर अखंड खडक सोडून सगळीकडे उतार किंवा आधार सक्तीचा आहे, आणि सर्वांत सैल मातीला ३४ अंशांहून उभा उतार चालत नाही. खोदकामातल्या सुरक्षेसाठी आपल्याकडेही आयएस ३७६४ हे भारतीय मानक आहे. शेतातल्या विहिरीवर ते कुणी वाचून दाखवत नाही. तिथे ठेकेदार फुटावर दर ठरवतो, आणि उतार घेतल्याचे फूट कुणी मोजत नाही.

त्या उताराचा खर्च एकदा मांडून बघू. चाळीस फूट व्यासाची विहीर, वर ३० फूट माती-मुरूम, खाली कातळ. उभी खोदली तर वर सव्वा गुंठ्याहून कमी जागा लागते. माती-मुरमाला ४५ अंशांचा उतार दिला, तर वरचा व्यास शंभर फूट होतो आणि जागा सव्वासात गुंठे. म्हणजे सहा गुंठे जास्त, आणि साधारण साडेआठशे ब्रास जास्त खोदाई: पोकलेनचे तीन-चार दिवस, मग रिंग वर आली की तोच मुरूम थर देऊन, पाणी मारून, धुमसून परत भरायचे आणखी दोन-तीन दिवस. एकराला ४० टन ऊस धरला, तर सहा गुंठ्यांत सहा टन. टनाला तीन हजारांच्या घरात भाव धरून अठरा हजार रुपयांचा ऊस एका हंगामापुरता बुडतो, आणि पुढच्या हंगामात त्या भरावावर पुन्हा सरी पाडता येते.